शिकण्याचा पगार

उरण तालुक्यात ‘लागणे’ या क्रियापदाला वजन आहे. पोरगा जेएनपीटीत लागला, सिडकोत लागला, सीएफएसला सुपरवायझर म्हणून लागला, अशी वाक्ये इथे पेढ्यांच्या पुड्यासकट येतात. सीएफएस म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशन, हे तालुक्यातल्या जासई गावात शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही. पण ‘मुलगी एनजीओत लागली’ असे कुणी म्हटले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, “बरं. आणि नोकरी?”

या ‘आणि नोकरी?’ला मी गेली वीस वर्षे उत्तर देते आहे. आईला दिले, सासरी दिले, घरकर्जाच्या अर्जासाठी बँकेत दिले. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात जासईच्याच एका मुलीने मला विचारले, “ताई, यात करिअर आहे का हो?” तेव्हा उत्तर तोंडपाठ होते. आहे की. शिकत राहायचे, चांगला मार्गदर्शक शोधायचा, ओळखी वाढवायच्या. मुलगी बारावीनंतर बाहेरून बी.ए. झालेली, चार वर्षे एका संस्थेत ‘कम्युनिटी मोबिलायझर’. तिने मान हलवली. पण परतताना गव्हाण फाट्याजवळ ट्रेलरच्या रांगेत रिक्षा अडकली आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटू लागली. मार्गदर्शक शोधायचा म्हणजे कुठे? आठवडे बाजारात? ती सकाळी नऊला घर सोडते, पाच वस्त्या फिरते, प्रत्येक बैठकीचा फोटो जागेच्या नोंदीसह मोबाइलवर चढवते, संध्याकाळी हजेरीचा तक्ता भरते. तिच्या वरचा माणूस महिन्यातून एकदा येतो आणि फोटोंची संख्या जुळते का ते बघतो. यात गुरू भेटणार तरी कधी?

आमच्या क्षेत्रात मार्गदर्शनाविषयी फार गोड बोलले जाते आणि त्यासाठी रुपयाही बाजूला काढला जात नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: सामाजिक काम हे कुणाच्या तरी हाताखाली शिकायचे काम आहे, ते अंगात यायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचा पगार कुणीतरी द्यावा लागतो. शिकणाऱ्यालाही आणि शिकवणाऱ्यालाही. तो दिला नाही, तर या क्षेत्रात करिअर फक्त त्यांचेच होते ज्यांच्या घरी दुसरे कुणीतरी आधीच कुठेतरी ‘लागलेले’ असते.

मी कशी शिकले ते सांगते, कारण त्यातही या हिशेबाची गोम आहे. मी एमएसडब्ल्यू करून या भागात आले. आठवड्याचे दोन दिवस फिल्डवर्क आणि उरलेले दिवस वर्ग, असे ते शिक्षण. गावकऱ्यांकडून रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्यायला मला येत होते. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिता येत होता. सातबारा वाचता येत नव्हता. ज्या मुलखात माणसाचे सगळे नशीब सातबाऱ्याच्या उताऱ्यात गोळा झालेले आहे, तिथे मी तो न वाचता समाजकार्य करायला निघाले होते.

तिथे एक म्हातारे कार्यकर्ते होते. शेतकरी कामगार पक्षातल्या जुन्या माणसांना ‘भाई’ म्हणतात, तसे त्यांनाही सगळे भाईच म्हणत. त्यांच्या ओटीवर रोज कुणीतरी कागद घेऊन बसलेले असे. एकदा एक विधवा बाई उतारा घेऊन आली. भावांनी संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे घेतले, तिला काही मिळाले नाही. भाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मी मोठ्याने नावे वाचली, तिच्या नावाशी थांबले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “हे काय, यांचं नाव आहे की!”

भाई म्हणाले, “पोरी, नाव वाचलंस. कंस बघितलास?”

तिच्या नावाभोवती कंस होता. ज्याला रोजचा सराव आहे त्याला सांगायला नको, पण मला ठाऊक नव्हते: कंसातले नाव म्हणजे कमी झालेले नाव. शेजारी फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाने गाव नमुना सहामधली नोंद काढायची, म्हणजे नाव कधी आणि कशाच्या आधारे गेले ते कळते. भाईंनी ते मला सांगितले नाही. बाईला विचारले, “अंगठा कुठं दिला होतास?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, धाकट्या भावाच्या लग्नात. हळदीच्या दिवशी. बँकेचा कागद आहे म्हणाले.

हक्कसोड पत्र होते ते. जमिनीला भाव आल्यावर या पट्ट्यात किती बहिणींनी असे कागद कुठल्या हळदीत, कुठल्या बाळंतपणात, कुठल्या तेराव्याला अंगठा लावून दिले, त्याची मोजदाद कोणत्याच प्रकल्पात नाही.

मी लगेच अर्ज लिहायला घेतला. भाईंनी पेन काढून घेतले. “आज नको. आधी तिच्याबरोबर तलाठ्याकडे जा. बोलू नकोस. ती बोलेल.” मी गेले. तलाठ्याने माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली, मी भाईंच्या आज्ञेप्रमाणे खिडकीबाहेर बघत राहिले, आणि नाइलाजाने त्याला त्या बाईशी बोलावे लागले. तिच्या आयुष्यात सरकारी माणूस पहिल्यांदा तिच्याशी बोलत होता. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? ‘सक्षमीकरण’ या प्रकरणात असेल, पण खिडकीबाहेर बघण्याचा उल्लेख तिथे नाही.

असे तीन वर्षांचे शनिवार मी त्या ओटीवर काढले. गोम अशी की माझ्या तेव्हाच्या संस्थेने ते शनिवार रजेत धरले, आणि भाईंना कुणी कधी चहाचेही पैसे दिले नाहीत. नवऱ्याचा पगार होता म्हणून मला ती रजा परवडली. माझ्याबरोबर लागलेली दुसरी मुलगी माझ्याहून हुशार होती. तिच्या घरी तिच्या पैशांवर चूल पेटत होती, म्हणून शनिवारी ती शिकवण्या घ्यायची. दोन वर्षांत ती एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या बिलिंग खात्यात गेली. तिला कुणी ‘बांधिलकी कमी पडली’ असे म्हणू नये. तिला शनिवार कमी पडले.

जासईला तर लोकांकडून शिकण्याची परंपरा सांगायलाच नको. सिडको १९७० साली स्थापन झाली, नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातखाचरे आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसाला नोटिसा येऊ लागल्या, त्याही १८९४ च्या कायद्याच्या. याविरुद्ध लढा उभारणारे दि. बा. पाटील जासईचे. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, आणि मुळात वकील. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत मिळण्याचे तत्त्व आले. दरवर्षी जानेवारीत त्या हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात. भाषणांत गोळीबार असतो, आणि तो असायलाच हवा. पण त्या आंदोलनाचा एक कमी बोलला गेलेला भाग म्हणजे नोटीस कशी वाचायची, हरकत कुठल्या मुदतीत घ्यायची, मोजणीच्या वेळी कुठे उभे राहायचे, हे सातवी-आठवी शिकलेल्या हजारो माणसांना येऊ लागले. एक वकील आणि त्याच्याभोवती बसून कागद उलगडणारी माणसे: यालाच आज आपण ‘क्षमता बांधणी’ म्हणतो आणि हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांत उरकतो. पुढे याच तालुक्यातल्या कोळी बांधवांनी बंदराच्या भरावाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवाद गाठला आणि २०१५ मध्ये १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींवर भरपाई देण्याचा आदेश मिळवला, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. कागद वाचायची सवय या मातीत मुरलेली आहे.

आता कुणी म्हणेल, भाईंना कुठे पगार होता? दिबांच्या ओटीवर बसणाऱ्यांना कुठे मानधन होते? सेवा ही सेवाच, तिचा धंदा कसला करता? हा आक्षेप मी मराठीत इतक्या वेळा ऐकला आहे की तो आपल्या परंपरेचाच आवाज आहे असे वाटू लागते. तो तसा नाही. आपली परंपरा याहून पुष्कळ व्यवहारी होती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण घ्या. १८८७ च्या सुमारास न्यायमूर्ती रानड्यांशी त्यांची गाठ पडली आणि १९०१ मध्ये रानडे गेले तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे, हा तरुण प्राध्यापक त्यांच्या हाताखाली शिकत होता. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लिहायचे, रानड्यांनी तपासायचे, पुन्हा लिहायचे. आकडेवारीसाठी गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शाळामास्तर त्यांचे दुसरे गुरू. अर्थसंकल्पावरच्या ज्या भाषणांनी गोखले देशभर गाजले, त्यांच्यामागे या मास्तरांची आकडेमोड होती. आणि या चौदा वर्षांत गोखले पोट कशावर भरत होते? डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या पगारावर. वीस वर्षांची शपथ आणि महिना ७५ रुपये. फार नव्हते, पण ठरलेले होते आणि वेळेवर येत होते. त्या जोरावरच त्यांना रानड्यांपाशी तास न् तास बसता आले.

याच काळात त्यांच्या हातून मोठी चूकही झाली. १८९७ मध्ये ते इंग्लंडात होते. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना गेली आणि पडताळा न घेता त्यांनी ते तिकडच्या वर्तमानपत्राला सांगितले. परत आल्यावर पुरावा उभा राहीना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. लोकांनी त्यांना भित्रे ठरवले. पुढे प्रत्येक आकडा दोनदा तपासणारा जो गोखले आपल्याला दिसतो, तो या माफीनंतरचा आहे असे मी मानते. शिकाऊ माणसाला चुकायची जागा लागते आणि चुकल्यावर टाकून न देणारी माणसे लागतात. आजच्या संस्थेत अशी चूक करणाऱ्याचा करार मार्चमध्ये संपला असता.

म्हणूनच १२ जून १९०५ ला भारत सेवक समाज काढताना गोखल्यांनी शिकण्याला घटनेतच जागा दिली. नव्या सभासदाने पहिली पाच वर्षे प्रशिक्षणात घालवायची: वाचायचे, फिरायचे, ज्येष्ठांच्या नजरेखाली काम करायचे. पाच वर्षे! आमच्याकडे ‘इंडक्शन’ तीन दिवसांचे असते, त्यातला एक दिवस प्रवासभत्त्याचे फॉर्म समजावण्यात जातो. आणि त्या सभासदांच्या शपथेत एक कलम आहे, ज्याकडे त्यागाची भाषा करणारे डोळेझाक करतात. स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही हे खरे, पण सभासदाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद समाज करील, तेवढ्यात त्याने समाधान मानायचे. कुटुंबाचा उल्लेख शपथेत आहे. साधेपणा होता, उपाशीपणा नव्हता. ठक्करबाप्पांनी पंचेचाळिशीत मुंबई महापालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून १९१४ मध्ये या समाजात पाऊल टाकले, ना. म. जोशी इथूनच गिरणगावात गेले. वारा खाऊन नाही.

गुरू कसा असावा याबद्दल मात्र मला कोसबाडची जोडी अधिक पटते. अनुताई वाघ १९४५ मध्ये पस्तिशीच्या होत्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवण्याचा अनुभव गाठीशी होता. बोरिवलीच्या ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांना बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक भेटल्या आणि त्या सगळे सोडून बोर्डीला, पुढे कोसबाडला गेल्या. बालशिक्षणातले त्यांना काही येत नव्हते. पण खरी गंमत अशी की खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांच्या बालशिक्षणातले ताराबाईंनाही पुरते येत नव्हते. माँटेसोरीची महागडी साधने वारली मुलांपुढे ठेवून चालत नव्हते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरांमागे जातात तर कुरणात न्यावी, शिंपले, बिया, पाने, दगड हीच साधने करावीत, हे दोघींनी मिळून शोधले. अंगणवाडी हा शब्द आज देशाच्या कानाकोपऱ्यात आहे, १९७५ पासून केंद्राच्या बालविकास योजनेची केंद्रे त्याच नावाने चालतात. तो शब्द ज्या कामातून आला, त्यात शिकवणारी आणि शिकणारी दोघी एकाच प्रश्नापुढे अडखळत होत्या. सगळे ठाऊक असलेला मार्गदर्शक हा बहुधा भाषणापुरता बरा. ज्याच्या स्वतःच्या पोटात अजून एक न सुटलेला प्रश्न आहे, त्याच्याजवळ बसावे.

दुसरी एक साखळी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. कार्ल टेलर हे मसुरीत जन्मलेले अमेरिकन डॉक्टर. त्यांनी पंजाबात नारंगवालला खेड्यांतल्या आरोग्यावर काम केले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा केला. तिथे शिकून रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. तिथेच शिकून अभय आणि राणी बंग यांनी पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ उभारली. एका गुरूची महाराष्ट्रातली दोन जोडपी, आणि दोन्हींची कामे एकमेकांची नक्कल नाहीत. जामखेडला निरक्षर, बऱ्याचशा दलित बायका दर आठवड्याला शिकायला येत राहिल्या, वर्षानुवर्षे, आणि पुढे देशोदेशींच्या डॉक्टरांना त्याच शिकवू लागल्या. गडचिरोलीत ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायकांनी घरच्या घरी नवजात बाळे वाचवून दाखवली आणि त्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. लोक यात डॉक्टरांचा त्याग बघतात. मला त्या ‘दर आठवड्याला’मध्ये जास्त रस आहे. एकदाच शिबिर घेऊन सोडलेले नाही. चुकले, पुन्हा ये. विसरलीस, पुन्हा ये. याला वेळ लागतो, म्हणजेच खर्च येतो, आणि तो खर्च हाच कार्यक्रम आहे असे मानणारा कुणीतरी लागतो.

नेमके हेच मानणारे आता फारसे उरलेले नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. उरण-पनवेल हा तर गोदामांचा, बंदराचा, रसायनांच्या कारखान्यांचा पट्टा, त्यामुळे इथे संस्थांना काम मिळाले, माझ्यासारखीला पगार मिळाला, हे मी नाकारत नाही. पण वाटाघाटीला बसले की एक संवाद ठरलेला असतो. नियमात पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. टेबलावर ती संस्थेच्या माथी मारली जाते. “मॅडम, हे ‘स्टाफ मेंटॉरिंग’ काय आहे? यात लाभार्थी किती?” शून्य, असे खरे उत्तर द्यावे तर ओळ कापली जाते. म्हणून आम्ही ती ओळ ‘प्रवास’ किंवा ‘बैठका’ यांत लपवतो. मी स्वतः लपवली आहे. दहा वर्षे अनुभव असलेल्या माणसाने नवख्या मुलीबरोबर तलाठी कार्यालयात अर्धा दिवस गप्प बसावे, हे कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

परदेशी देणग्यांचे त्याहून कठीण. त्यांच्या कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. प्रत्यक्ष कामावरच्या कार्यकर्त्याचा पगार त्यात धरत नाहीत हे खरे, पण त्याच्या पाठीशी बसून त्याला घडवणारा माणूस कागदावर ‘व्यवस्थापन’ ठरतो. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देणेही बंद झाले. मोठी संस्था गावातल्या छोट्या गटाला हाताशी धरून वाढवायची, ती वाट बुजली. गैरव्यवहार होत नव्हते असे मी म्हणणार नाही. पण उंदरांसाठी कणगीच पेटवली.

तुलनेला याच तालुक्यातला आयटीआय झालेला फिटर घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने त्याला कारखान्यात शिकता शिकता विद्यावेतन मिळते. ते कमी आहे की जास्त हा वाद वेगळा, पण शिकणे हे काम आहे आणि त्याचे पैसे द्यायचे असतात, हे कायद्याला साठ वर्षांपूर्वी कळले. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने मात्र फिल्डवर्क स्वखर्चाने करायचे आणि वर ‘अनुभव मिळाला’ म्हणून आभार मानायचे. असे करता येत नाही असेही नाही. ‘प्रदान’ ही संस्था नव्या पदवीधरांना वर्षभर उमेदवारीवर घेते, विद्यावेतन देते, एक जाणता माणूस नेमून देते, आणि वर्षाअखेर ‘हे माझे काम नव्हे’ म्हणून निघून जाण्याची मुभाही देते. ‘सर्च’ने २००६ पासून ‘निर्माण’ चालवले आहे, त्यात तरुणांना करून बघायला फेलोशिप मिळते. चांगलेच आहे. पण या वाटांवर पोचणारी मुले बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर. बाहेरून बी.ए. झालेली जासईची ती मुलगी तिथवर पोचत नाही.

तिची अडचण आणखी एका थराची आहे. आमच्याकडे दोन जाती आहेत, फिल्डची आणि ऑफिसची. फिल्डवाल्याला गाव ठाऊक असते, ऑफिसवाल्याला इंग्रजी. बढती इंग्रजीला मिळते. वाशी किंवा मुंबईहून आलेला तेवीस वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत ‘प्रोग्रॅम ऑफिसर’ होतो, आणि ज्या बाईने त्याला वस्तीत ओळख करून दिली, कुठल्या घरी चहा प्यावा आणि कुठल्या घरी पाणीही मागू नये हे शिकवले, ती दहा वर्षांनंतरही मोबिलायझरच. खरे तर ती त्याची गुरू असते. पण गुरुदक्षिणा सोडा, तिच्या नावाची ओळही अहवालात नसते. जासईत रयत शिक्षण संस्थेची शाळा आहे. भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणून जी मुले वसतिगृहात ठेवली, त्यांतलीच पुढे त्यांच्या शाळांतून मास्तर झाली, मुख्याध्यापक झाली. वस्तीतून शिकलेला वस्तीच्या संस्थेत वर चढला. शंभर वर्षांपूर्वी जे जमले, ते आमच्या ‘सहभागी विकास’वाल्यांना का जमू नये?

आणि आता आपल्याच पानातली माशी. मार्गदर्शक म्हटले की मराठी माणूस ताबडतोब पाया पडतो. संस्थापकांचे शब्द म्हणजे वेदवाक्य. साठीचे अध्यक्ष, पंचेचाळिशीचे ‘तरुण कार्यकर्ते’, दुसरी फळी कायम दुसरी. संस्थेचे हळूहळू घराणे होते आणि ज्याला मतभेद सांगायचा असतो त्याच्यासाठी दार एकच उरते, बाहेरचे. नावे घेत नाही, वाचकाला दोन-चार आठवतीलच. इथेही गोखलेच उपयोगी पडतात. गांधी त्यांना आपले राजकीय गुरू म्हणत. पण गांधींचे ‘हिंद स्वराज्य’ गोखल्यांना कच्चे वाटले आणि ते त्यांनी बोलून दाखवले. भारतात परतल्यावर वर्षभर देश बघ, जाहीर मते देऊ नकोस, असे सांगितले, आणि गांधींनी ते पाळले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. त्यांच्या समाजात जायची गांधींची इच्छा होती, सभासदांना त्यांची मते झेपेनात, शेवटी गांधींनी अर्ज मागे घेतला. गुरूचे वर्ष पाळले, गुरूचे मत घेतले नाही. भाईंशीही माझे शेवटची दोन वर्षे कडाक्याचे भांडण होते. बहिणींच्या हिश्शाबद्दल जाहीर सभेत बोलावे असे मी म्हणायचे, ते म्हणायचे याने गाव फुटेल. मला अजूनही वाटते की ते चुकत होते. सातबारा वाचायला त्यांनीच शिकवले नसते, तर ते चुकत आहेत हे मला कळले नसते.

जासईच्या मुलीला मी दुसऱ्यांदा भेटले ते दिवाळीनंतर. तिच्या संस्थेला विचारले, महिन्यातले दोन शनिवार तिला माझ्याबरोबर सोडाल का? हो म्हणाले, बिनपगारी. मग आमच्या संस्थेतून काहीतरी देऊ म्हणून मी तिला हिशेब ठेवायला सांगितले. चार शनिवार झाले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असे शासनाने ठरवले आहे, उतारा मोबाइलवर निघतो, तरी कार्यालयाच्या बाकावर बसणाऱ्या बायका त्याच आहेत आणि प्रश्नही तेच. पहिल्या दिवशी तिने बाईच्या आधी तोंड उघडले. तिसऱ्या शनिवारी मीच मध्ये बोलले, तर तिने माझ्या गुडघ्यावर हळूच थाप मारली.

परवा तिने हिशेब पाठवला. रिक्षा, रेल्वे, झेरॉक्स, दोन चहा. खाली एक ओळ जास्तीची होती, ‘वेळ’, आणि तिच्यापुढची रक्कम कोरी. ती ओळ कुठल्या शीर्षाखाली टाकायची ते मला अजून सुचलेले नाही. ऑडिटर सोमवारी येणार आहेत. ‘प्रवास’मध्ये मात्र या वेळी घालणार नाही.